मागची चेन

आमच्या कारखान्यात किस्से साठतात ते कटिंग टेबलाखालच्या चिंध्यांसारखे. संध्याकाळी झाडून काढावं, तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत तेवढ्याच! मी चेकिंगला बसते. दुसऱ्याची चूक शोधायची, हेच माझं काम. घरी आले तरी तेच चालू असतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. म्हणोत बापडे. पण त्यामुळंच माझ्याकडं जेवढे किस्से आहेत तेवढे कारखान्यात कुणाकडं नसतील.

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा कारखाना. आधी शाळेचे युनिफॉर्म शिवायचो. कोरोनात सगळ्यांसारखे आम्हीही पीपीई किट शिवायला लागलो, आणि ते संपल्यावर आमच्या व्यंकटशेठना केमिकल सूटची ऑर्डर मिळाली. अ‍ॅसिड, विषारी वायू, अंगावर उडालं तर कातडी जाळणारं काहीबाही, असल्या जागी काम करणाऱ्यानं घालायचा सूट. डोक्यापासून पायापर्यंत सगळं बंद, डोळ्यांपुढं काच आणि चेन पाठीला. ही चेन आपली आपल्याला लावता येत नाही. दुसऱ्यानं लावायची आणि तिच्यावरची पट्टी दाबून बसवायची. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मध्येच कुणी विचारायला नको.

*

नमुन्याचा पिवळाधमक सूट पहिल्यांदा आला, त्या दिवशी व्यंकटशेठच्या आई कारखान्यात होत्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या माग. कापड दिसलं की चिमटीत धरल्याशिवाय त्यांना राहवत नाही. त्यांनी सूट चुरगाळून बघितला, वास घेतला आणि मुलाकडं बघून तेलुगूत काहीतरी बोलल्या. शेठचा चेहरा पडला.

"काय म्हणाल्या हो?" मी विचारलं.

"आई म्हणते, सोलापुरात पाऊस पडतो कधी, आणि हा रेनकोट शिवायला निघालाय!"

आम्ही हसलो. शेठनी मग त्यांना शेजारी बसवून नीट समजावलं, की हा पावसासाठी नाही, असल्या असल्या कामासाठी आहे. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग सूट गुडघ्यावर ठेवून तिनं एकच विचारलं, की त्या माणसाला दुसरं काम नाही का देता येत? शेठ सूट उचलून त्याची घडी घालायला लागले.

*

आता आमची माणसं सगळी युनिफॉर्ममध्ये मुरलेली. हात असे बसलेले की डोळे मिटून चड्डी शिवतील. पण हाताची सवय लई वाईट!

पहिला लॉट शिवून झाला. मी तपासायला घेतला तर प्रत्येक सूटच्या पायाला आतून चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं. मी ओरडले, "हे कशाला?" शिलाईच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी एक म्हणाली, "मॅडम, पुढच्या वर्षी उसवून लांब करता येतंय की."

आमचे कटिंग मास्तर रफीकचाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "अगे माँ, ये पहननेवाला पाँचवी का बच्चा नै! इसका कद बढना था सो बढ गया!"

ती दुमड परवडली. शिलाईनंतर पॅकिंगच्या बायकांनी घडी घातली, आणि शर्टाला लावतात तशी साइजची चिठ्ठी प्रत्येक सूटच्या छातीवर टाचणीनं टोचली. इतकी सुबक, इतकी सरळ रेषेत! वायू आत शिरू नये म्हणून रात्रंदिवस राबून केलेला माल, आणि एकेकाच्या बरोबर काळजाच्या जागी दोन दोन भोकं! अख्खा लॉट गेला. त्या दिवशी मी एवढी बोलले की घशाला सूज आली. पॅकिंगची एक बाई रडत रडत म्हणाली, "एवढंसं तर भोक हाय वो, मॅडम."

तेव्हा टेपच्या मशीनवर बसणारी सुरेखा तिथंच उभी होती. मंगळवेढ्याकडची, एरवी बडबडी, हसरी. ती हसली नाही. "एवढंसंच लागतंय," एवढं म्हणाली आणि आपल्या मशीनकडं गेली.

*

सुरेखाच्या मशीनचं काम सांगते. सुई म्हटली की भोक आलं. शिवण कितीही बारीक घातली तरी सुई गेली तिथं भोक पडणारच. म्हणून शिवणीवरून गरम हवेनं टेप चिकटवायची. रफीकचाचा म्हणतात, "हमने जिंदगीभर छेद मारे, और ये सुरेखा एक एक बुजाती चली आई."

सुरेखाची टेप मला कधी परत करावी लागली नाही. मी, म्हणजे मी, हे म्हणतेय! खोड काढायला मिळाली नाही तर मला जेवण जात नाही. एकदा वैतागून मी तिला विचारलं, "काय गं, एवढी डोळ्यांत तेल घालून करतेस, चुकत कशी नाहीस?"

तर म्हणाली, "आमचे मालक टँकरवर हायती न्हवं."

तिचा नवरा दत्ता. मोहोळ रस्त्याला एका केमिकल कंपनीत कामाला. अ‍ॅसिडचा टँकर आला की त्याला पाइप जोडायचा आणि व्हॉल्व्ह उघडून टँकर खाली करायचा, हे त्याचं काम. त्या कंपनीला सूट आमच्याकडूनच जातात. म्हणजे सुरेखा टेप लावते तो सूट उद्या तिच्याच नवऱ्याच्या अंगावर असू शकतो.

"मग बरंय की," मी म्हटलं.

"कशाचं बरं! घालतच न्हाईत. खुंटीला लावून ठेवत्यात. उकडतंय म्हनं. आन् जोकरवानी दिसतंय, पोरं हसत्यात म्हनं."

*

उकडतं हे काही खोटं नाही. आमच्याकडं सूटची परीक्षा असते. आत पांढरे सुती कपडे घालायचे, वर सूट, आणि रंगीत पाण्याच्या फवाऱ्याखाली उभं राहायचं. बाहेर आल्यावर पांढऱ्यावर रंगाचा ठिपका दिसला, तर सूट नापास.

ही अक्कल नंतर आली. पहिल्या वेळी आम्ही साध्या पाण्यानंच केलं होतं. दिवस मे महिन्याचे, वर पत्रा. रफीकचाचा हौसेनं आत शिरले, मी मागची चेन लावली, फवारा सुरू केला. वेळ झाल्यावर चेन उघडली तर चाचा आतून चिंब! बनियन पिळून पाणी निघालं. व्यंकटशेठ खालीच बसले. "गेली ऑर्डर! चाळणी शिवलीये आपण!"

चाचांनी बनियनचं टोक जिभेला लावलं. "शेठ, खारट है. ये पानी नळका नै, मेरा है!"

दुसऱ्या दिवशी शेठनी रंगपंचमीतला उरलेला गुलाबी रंग पाण्यात कालवला. चाचा परत आत गेले आणि चिंब पण पांढरेशुभ्र बाहेर आले. शेठनी पेढे वाटले. चाचा मात्र पंख्याखाली जाऊन बसले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, जो रोज पहनता होगा, उसको सलाम." लांबून सुरेखा ऐकत होती.

*

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो. गेल्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की मशीनबरोबर मालाचीही पूजा करू. एक सूट हँगरला लावून भिंतीवर टांगला, काचेला कुंकू लावलं आणि गळ्यात झेंडूचा हार घातला. फोटो काढले. छानच दिसत होतं, मी खोटं कशाला बोलू?

सुरेखा उशिरा आली. दारातून आत आली आणि त्या भिंतीसमोर थबकली. मग चपला न काढता तशीच पुढं गेली, हार ओरबाडून काढला आणि टेपच्या मशीनला घातला. पदरानं काच पुसली. सगळे वळून बघायला लागले. शेठची आई देवापुढं बसली होती, ती पण बघत राहिली.

"फोटूला घालत्यात तसा कशापायी घातला?" सुरेखा म्हणाली. "आत मानूस असतंय त्यात!"

मला तोवर सुचलंच नव्हतं. भिंत, हार, कुंकू, आणि आत कुणी नाही.

*

थोड्याच दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. माझ्या टेबलाला वर काच आहे, खाली ट्यूब. सूट त्यावर पसरला की सुईएवढं भोक असलं तरी उजेड वर येतो. तिनं पिशवीतून एक शर्ट काढला. निळा, धुवट, कामावरचा. काही न बोलता काचेवर पसरला आणि दिवा लावला.

बाहीवर, खांद्यावर, छातीवर उजेडाचे ठिपकेच ठिपके. बारीक, कडेनं जळकी भोकं.

"एका जागचं बुजवतेय, तंवर दुसरीकडं पडतंय," ती म्हणाली. "समद्या गावाची भोकं बुजवतेय मी, मॅडम. घरातला मानूस आसा हिंडतोय."

"बोल की त्याला नीट."

"लई बोलले. रडले, भांडले, दोन दिस जेवले न्हाय. तर म्हनत्यात, तू एशीत बसून शिवतीस, तुला काय कळतंय. एकदा घालून बघ, मग बोल."

आमच्याकडं एसी नाही, पंखे आहेत, तेही गरम हवा फेकणारे. पण ते जाऊ दे. मी त्या शर्टात नापास लिहिण्यासारखं एवढं बघितलं, आणि एकही ठिपका न मोजता दिवा बंद केला. माझ्यासारखीनं!

*

आता शेवटचा. हा मी फार कमी जणांना सांगितलाय.

दत्ताच्या कंपनीत एक नवे सेफ्टी ऑफिसर आले. पाटीलसाहेब, मन लावून काम करणारा माणूस. सूट असून कुणी घालत नाही, याचा त्यांना फार त्रास व्हायचा. त्यांनी शेठना सांगितलं, की तुमची माणसं घेऊन या, कसा घालायचा, कसा काढायचा ते दाखवा. शेठनी मला आणि रफीकचाचांना पाठवलं. सुरेखा म्हणाली, "मी बी येते."

कंपनीच्या आवारात रिकामा टँकर उभा केला होता. सगळे कामगार ऊन टाळून भिंतीच्या सावलीत गोळा झाले. दत्ताला मी पहिल्यांदाच बघत होते. उंच, देखणा, खिशाला कंगवा. बायकोला बघून त्यानं मान दुसरीकडं फिरवली.

पाटीलसाहेब म्हणाले, "कोण घालून दाखवणार?" कुणी हलेना. कुणीतरी दत्ताला पुढं ढकललं, तो हसून मागं सरला. "नको साहेब, उन्हाचं कोण मरतंय त्यात!"

सगळे हसले. तेवढ्यात सुरेखानं पदर खोचला, पायातल्या चपला काढल्या आणि सूटमध्ये पाय घातला. साडीसकट! पाटीलसाहेब काही बोलणार, तोवर बाह्या चढवून टोपीही घातली. मग ती नवऱ्यापुढं जाऊन पाठ करून उभी राहिली. काचेमागून आवाज आला, दबका पण सगळ्यांना कळेल असा.

"मागची चेन लावा."

पोरं शिट्ट्या मारायला लागली. दत्ताचे कान लाल झाले. त्यानं चेन वर ओढली, पट्टी बसवली, आणि सुरेखा उन्हात चालत टँकरपाशी गेली. व्हॉल्व्हवर हात ठेवून उभी राहिली, रोज तो राहत असेल तशी.

थोडा वेळ हशा चालला. मग तो ओसरला. वर ऊन असं की टँकरच्या पत्र्याकडं बघवत नव्हतं. काचेवर आतून वाफ धरली, तिचा चेहरा दिसेनासा झाला. पाटीलसाहेबांनी हाक मारली, "ताई, बास झालं, या आता!" तिनं नुसता पंजा हलवला. थांबा. चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "मॅडम, गिर जाएगी." मी निघालेच होते.

पण माझ्याआधी दत्ता धावला. तिच्यापाशी जाऊन काहीतरी बोलला, दंड धरून ओढायला लागला. ती जागची हलेना. मग त्यानं ओरडून हात जोडले, अगदी सगळ्यांदेखत. ती हलली नाही. दत्ता तसाच उलट्या पावली आला, आम्ही आणलेल्या खोक्यातला दुसरा सूट उचलला, खिशातला कंगवा काढून चिडलेल्या पोरानं टाकावा तसा खाली टाकला आणि सूट अंगात चढवला. आता कुणी हसत नव्हतं. तो परत तिच्याजवळ गेला आणि पाठ करून उभा राहिला.

सुरेखानं जाड हातमोज्यांनी चाचपत त्याची चेन लावली. वरची पट्टी दाबली. खालून वर, परत वरून खाली, बोटानं दाबत दाबत, मशीनवर करते तशीच.

मग मी तिची चेन उघडली. टोपी काढली तर केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालभडक, साडी पिळली तर पाणी निघावं अशी. तिनं तोंड उघडून दोन श्वास घेतले. सगळे कान टवकारून उभे, की आता ही नवऱ्याला काय काय सुनावते!

"अगं आई गं," ती म्हणाली, "खरंच लई उकडतंय की वो!"

आत दत्ताला ऐकू गेलं नाही. काचेमागून त्यानं मान हलवून विचारलं, काय?

सुरेखा टाचा उंच करून त्याच्या काचेपाशी गेली आणि तोंडाला हात लावून ओरडली, "काय न्हाय! बरं दिसतंय म्हनलं!"