यंत्र बंद केलं तेव्हा

सुधीर मंगळवारी गेला.

काल काचा पुसायची बाटली उघडली, अमोनियाचा वास आला आणि मला अंबरनाथच्या कारखान्यातली आमची प्रयोगशाळा आठवली. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथे हातमोज्यांसाठी येणारा, अमोनिया घातलेला रबराचा चीक तपासायचो. यंत्रात तो जोरात घुसळायचा, मधूनमधून काचेच्या कांडीने थेंबभर तळहातावर पसरायचा आणि बारीक गुठळ्या दिसताच यंत्र बंद करायचं. जितका जास्त वेळ लागेल तितका चीक टिकाऊ.

त्या घरघरीत ओरडूनच बोलावं लागे. एका दुपारी सुधीर काहीतरी ओरडला.

“काय?” मी ओरडले. तेवढ्यात तळहातावर गुठळ्या दिसल्या. मी बटण दाबलं.

“नंदा, लग्न करशील माझ्याशी?” शांत झालेल्या खोलीत तो अजून ओरडतच होता.

सगळे वळून बघायला लागले. आमचे उल्हासनगरचे सिंधी साहेब म्हणाले, “अरे, पहले टाइम तो लिखो!”

“लिही,” मी सुधीरला म्हटलं. “आणि हो.”

तेव्हा लाजेने मान वर होईना. आता वाटतं, बरं झालं सगळ्यांनी ऐकलं.

नोकरी सोडताना सुधीरने ती कांडी मागून आणली होती. ती बदलापूरच्या घरात, माझ्या टेबलावर आहे.