ओळींवर ठेवलेला हात

“ताईला वाचायला नाय येत. ती चित्रं बगते नि आपल्यालाच इचारते.”

दुसरीतल्या एका मुलीने शेजारणीला हे सांगितलं, तेव्हा मी वर्गासमोर चित्रांचं पुस्तक उघडून उभी होते. तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, माहिती होती. शेजारणीने मान हलवली आणि दोघी पुन्हा चित्राकडे बघू लागल्या.

माहिती बरीचशी बरोबर होती. मी बोईसरला इंग्रजी माध्यमात शिकले. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण छापलेलं मराठी वाचताना मी प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबते. मनोरजवळच्या या जिल्हा परिषदेच्या शाळेत गोष्टीच्या तासासाठी एका संस्थेने मला नेमलं, तेव्हा मुलाखत इंग्रजीत झाली. मराठी वाचता येतं का, हे कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

पहिल्याच दिवशी मी पानाच्या खालच्या दोन ओळींवर तळहात ठेवला आणि चित्रात काय दिसतंय ते विचारलं. उरलेला तास मुलांनीच घेतला. अंडं घालणाऱ्या कोंबडीला चित्रकाराने कोंबड्याचा तुरा दिला होता, ते त्यांनी लगेच पकडलं. भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, चित्रात एक बाई चिखलात ताठ उभी होती, हातात रोपांची जुडी, साडी कोरडी.

“ही फोटो काढायला उबी हाय,” एक मुलगा म्हणाला. त्याची आई त्याच आठवड्यात आवणीला जात होती. मी पान उलटलं.

मुख्याध्यापक सर हे दारातून ऐकत असत. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची दर महिन्याला शिक्षण परिषद होते, तिथे त्यांनी सांगितलं की आमची ताई स्वतः एक ओळ वाचून दाखवत नाही, सगळं मुलांकडून काढून घेते. या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या परिषदेत माझा नमुना पाठ ठरला. तो पसंत पडला तर सगळ्या शाळांत गोष्टीचा तास असाच घ्यायचा होता. मला अभिनंदनाचे तीन फोन आले. मी तिघांनाही थँक्यू म्हणाले.

कुणी वाचायला सांगितलंच तर म्हणून मी त्या पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून घरी नेले आणि मजकूर पाठ केला. आई गवार निवडत ऐकायची. किती छान वाचतेस, असं ती एकदा म्हणाली. फोन तेव्हा आतल्या खोलीत चार्जिंगला होता.

नमुना पाठाच्या दिवशी केंद्रप्रमुख पालघरहून नव्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आले. जुनं पुस्तक मुलांच्या ओळखीचं, म्हणून त्यांनी सुतळी कापून वरचं नवं पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी ओळींवर हात ठेवला. चित्रांवर वर्ग नेहमीसारखा बोलला. खेकडा बिळाच्या बाहेर असा भर उन्हात बसत नाही, यावर एकमत झालं. मागे सतरंजीवर बसलेले शिक्षक भराभर लिहीत होते. त्यातल्या एका बाईंनी शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, मग मुलं वाचायला कधी शिकतात? शेजारच्या बाई लिहीत राहिल्या.

उत्तर मला माहीत होतं. मी आल्यापासून या वर्गाने गोष्टीच्या तासाला एकही ओळ पाहिली नव्हती. आता बाकीच्या शाळांतही तेच होणार होतं, आणि तेही ठरवून.

पाठ संपला. टाळ्या झाल्या. मला कुणीच काही वाचायला सांगितलं नव्हतं. गप्प बसले असते तर चहा घेऊन घरी जाता आलं असतं, आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं.

केंद्रप्रमुख उभे राहिले. ही पद्धत सोमवारपासून सुरू करू, असं सांगून ते माझ्याकडे वळले.

“ताई, यामागचा तुमचा विचार दोन शब्दांत सांगा.”

सगळ्यांनी पेनं पुन्हा उघडली. मी पुस्तक टेबलावर ठेवलं.

“विचार असा काही नाहीये, सर. मला मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून मी ओळी झाकत होते. त्या मुलांना दिसायला हव्यात.”