सुरी लागली की पसरतो

मायच्या छातीतली गाठ हरभऱ्याएवढी होती, तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, तुकडा काढून तपासू. मोठा मामा आडवा आला. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो. हात लावू देणार नाय." गावी पिशोरला आमच्यात त्याचा शब्द कुणी मोडत नसे. मग लेप झाले, काढे झाले. कॅन्सर फुफ्फुसात गेला आणि माय गेली. दहाव्याला हाच मामा म्हणतो, "नशीब तिचं." तेव्हापासून मी त्याच्यावर डूख धरून होते.

आता मी इथं संभाजीनगरला, विद्यापीठात, नेमकं तेच शिकते: कॅन्सरची पेशी जागची हलते कशी. आपल्याच अंगात जंतू मारणारी बारीक प्रथिनं असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. त्यातलं एक लई हरामखोर निघालं. छातीच्या कॅन्सरच्या पेशीला ते लागलं की तिच्या अंगावरची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि ती चालायला लागते. दारं औषधानं बंद केली की मंदावते. घरचाच राखणदार फितूर! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मामाच आठवला.

गेल्या वर्षी मामीच्या छातीत गाठ आली. मामा एसटीनं थेट माझ्या प्रयोगशाळेत आला. "पोरी, तू शिकलेली. बिगर सुरीचं काही औषध असंल तर दे."

मेल्या, आता आलास व्हय! हे मनात. तोंडानं म्हटलं, "बसा."

थाळीतल्या पेशींवर ओरखडा काढायचा आणि त्या कशा सरकतात ते बघायचं, ही आमची नेहमीची पद्धत. ती मी मुद्दाम टाळली. ओरखड्यात त्याला सुरीच दिसली असती; त्याच्या हाती कोलीत कशाला द्यायचं? नुसतं पेप्टाइड घातलेल्या पेशींचं चित्रीकरण लावलं. रात्रभराची चाल मिनिटभरात दिसते. सरपटत सरपटत त्या पडद्याबाहेर गेल्या.

"दिसली कुठं सुरी?"

तो पडद्याजवळ वाकला.

"त्यांना चालायला तुमची परवानगी लागत नाय, मामा." मी परत लावलं. त्यानं मान खाली घातली, तरी परत लावलं. बरं वाटत होतं मला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मामीला घेऊन दवाखान्यात गेले. सही तिची तिनंच केली, मामाला कुणी विचारलंसुद्धा नाही. तुकडा काढला, बाकीच्या तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला, पण छातीबाहेर गेलेला दिसत नव्हता. "लवकर आलात," डॉक्टर मामीला म्हणाले.

तो शब्द मामाला लागला. बाहेर व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. "तवाच तुकडा काढू दिला असता, तर वाचली असती का गं तुझी माय?"

याचं उत्तर कुणाला देता येतं? गाठ हरभऱ्याएवढी असतानाच एखादी पेशी निघून गेलेली असू शकते. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, सांगता येत नाही.

"व्हय," मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं. "वाचली असती."