हिरासिंगकाकांचं मोठं नाव

आर्णीजवळच्या तांड्यातली शीला राठोड घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवते. चुलतभाऊ ओमच्या लग्नात तिनं नवीनच प्रकार काढला. पाहुण्यांनी मोबाइलवरून नाव आणि शुभेच्छा पाठवायच्या, की मंडपातल्या पडद्यावर त्या लाल अक्षरांत, फुलांच्या चौकटीत झळकायच्या.

हळदीच्या दुपारी चाचणी घेतली, तर नवरा-नवरीची नावं खाली ढकलून पडद्यावर भलंमोठं 'हिरासिंग' उगवलं. नवरीकडची माणसं विचारू लागली, नवरदेव बदलला का?

"काका, काय केलं तुम्ही?"

"काईच नाही. अक्षर मोठं कराची कंसातली खूण तूच सांगितली होती मले. नावाच्या दोन्ही बाजूनं लावून पाह्यली."

हिरासिंगकाका ओमचे थोरले काका. पत्रिकेत त्यांचं नाव बारीक छापलं होतं, त्याचा हा वचपा.

शीलानं लगेच जावास्क्रिप्टमध्ये साधं फंक्शन लिहिलं. तयार वाक्य त्यात टाकायचं, आतल्या खुणांचा जोर काढून ते परत द्यायचं. काकांचं नाव आटोक्यात आलं, पण शीलानं स्वतः लिहिलेल्या लाल रंगाच्या आणि फुलांच्या खुणाही कंसांसकट पडद्यावर सांडल्या. तिनं यवतमाळच्या मैत्रिणीला, अर्पिताला फोन लावला. तीही हेच काम करते.

"तू फंक्शनले शिजलेली खिचडी देऊन राह्यली," अर्पिता हसत म्हणाली. "त्यातले तांदूळ कोणते अन् डाळ कोणती, त्यानं कसं ओळखावं? टॅग लाव. बॅकटिकमधल्या, म्हंजे त्या तिरप्या एकेरी अवतरणचिन्हांमधल्या मजकुराच्या आधी फंक्शनचं नुसतं नाव लिही. मंग तुहा मजकूर येगळा येते, पाहुण्यायचा येगळा. पाहुण्यायचा तेवढा धू."

धुतला, आणि जमलं. शीला इतकी हरखली, की जेवणाऱ्यांची बेरीज करणाऱ्या फंक्शनलाही तिनं टॅग करून टाकलं.

शीलानं ते पाठवलं, तेव्हा अर्पितानं पाहून फोनवरच कपाळावर हात मारला. "बेरजेले कायले टॅग? तिथं मजकूरच नाही, नुसते आकडे. साधं फंक्शन बोलाव, अन् जा, हळद लाव."

शीलानं बेरीज पहिल्यासारखी केली. टॅग राहिला फक्त शुभेच्छांना.

लग्नाच्या दिवशी काकांनी पुन्हा तीच खूण पाठवली. या वेळी नाव इतरांएवढंच आलं, पण दोन्ही बाजूंना कंस आणि इंग्रजी अक्षर घेऊन. काकांचं तोंड पडलं. तेवढ्यात नवरीकडचे देवराव जवळ आले.

"हिरासिंगभाऊ, नावाले हे काय लावलं?"

"पदवी हाय," काका क्षणभरही न थांबता म्हणाले. "पुसदले भेटली."

देवराव तडक शीलाकडे गेले. "पोरी, माह्या बी नावाले लावून दे."

शीलानं काकांकडे पाहिलं. ते मंडपाचं छत न्याहाळत होते. मग तिनं देवरावांचा मोबाइल घेतला आणि दोन्ही बाजूंना कंस टाकून दिले. अक्षता पडेपर्यंत तिच्यापुढे आणखी सातआठ जण उभे होते.