वहीतला बारावा प्रश्न
पाइप जोडायच्या सोल्युशनचा वास आला की मला लोहाऱ्यातलं माझं ठिबक सिंचनाचं दुकान आठवतं. दुकानाच्या वेबसाइटवर लेख लिहायचे होते, पण विषय सुचत नव्हते. म्हणून गिऱ्हाईक जे विचारील ते वहीत लिहायचं, तोच प्रश्न पुन्हा आला की पुढं एक रेघ मारायची, असं मी वर्षभर केलं. जास्त रेघा, त्याचा लेख आधी. धाराशिवला असंच दुकान चालवणारे माझे साडू जेवायला आले आणि वही चाळत म्हणाले, "साडूभाऊ, लई भारी काढलंय की हे. द्या दोन दिवस." वही परत आली, पण माझा पहिला लेख पुरा व्हायच्या आत त्यांच्या वेबसाइटवर बारा लेख लागले होते, माझ्या रेघांच्याच क्रमानं. फोन केला तर हसले. "प्रश्न गिऱ्हाइकांचे, तुमचे कुठं?" बारावा प्रश्न मात्र माझा होता. धुवायला आम्ल सोडूनही माझ्याच शेतातल्या ठिबकच्या नळ्यांत लाल गाळ का धरतो, हे मला उमगत नव्हतं, म्हणून तो बिनरेघेचा प्रश्न मी शेवटी लिहिला होता. माझ्या घरी जेवताना त्यांनी तो वाचला, त्याचं उत्तर त्यांना येत होतं, आणि ते गप्प राहिले. उत्तर मी त्यांच्या लेखात वाचलं. नळ्या मी आजही आधीसारख्याच, आम्ल सोडूनच धुतो.