बांधावरचं गवत

आमच्या थोरल्या जाऊबाई गवत उपटणाऱ्याचा हात धरायच्या. शेतातलं तण स्वतः वाकून काढायच्या, पण बांधावरच्या काडीला कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आमच्या तळवली गावची शेतं इमारतींखाली गेली, खाडीकडचा आमचा एक तुकडा राहिला. खाडीचं खारं पाणी आणि आमचं भात यांच्यामध्ये फक्त तो मातीचा बांध. "चिंबोरी भोकं पाडते, गवत शिवते," असं त्या खेकड्यांची बिळं दाखवत म्हणायच्या.

सोसायटीतल्या बायका तिकडे फिरायला येत. एक म्हणाली, "मावशी, किती माजलंय. साफ करून घ्या ना."

"तुमच्या भिंतीचा शिमिट काडता का कवा? ह्यो आमचा शिमिट हाय."

मी लग्न होऊन आले तेव्हा कोणाशी बोलत नसे. जाऊबाईंनी कधी बोल म्हणून सांगितलं नाही. कामाला बरोबर न्यायच्या आणि न्याहारीला मोठा बोंबील माझ्या भाकरीवर ठेवायच्या.

दुसऱ्याच वर्षी श्रावणात गवतात पाय गुंतून त्या बांधावरून पडल्या. गुडघा सुजला, घरी बसल्या. त्यांना वाट मोकळी मिळावी म्हणून मी दुकानातून तण मारायचं औषध आणलं आणि सगळ्या बांधावर फवारलं. आठवड्यात बांध पिवळा झाला, मग उघडा पडला. कडेच्या डबक्यात निवट्या, चिखलातल्या त्या छोट्या मासळ्या, उलट्या तरंगत होत्या. त्या पाहून मी घाबरले, पण कोणाला सांगितलं नाही.

भाद्रपदातल्या उधाणाला माती धुपली आणि बांध फुटला. भात फुलावर होतं. आठ दिवसांत खाऱ्या पाण्याने सगळं करपलं.

मोठे भाऊजी, जाऊबाईंचे मालक, बांधावर उभे राहून सगळ्यांना विचारू लागले, "कोनी मारलं औषध?"

जाऊबाई काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"मी मारलं. गवतात पाय गुततो म्हनून."

"तू? आख्ख्या गावाला गवत शिकवलंस, आन् तू मारलंस?"

"चुकलं माजं."

घरी येताना मी रडत होते. त्या म्हणाल्या, "तू नवी हायस. तुला जलमभर बोलले असते. मना किती दिस बोलतील?"

जमीन खारावली ती खारावलीच. पुन्हा तिथे पेरणी झाली नाही. जाऊबाईंना जाऊन चार वर्षं झाली. लोक अजून हसून सांगतात, गवताची एवढी राखण करायची, शेवटी तिनेच मारलं. काल पाहुण्यांसमोर पुन्हा तेच निघालं. मी चहाचे कप उचलले आणि आत आले.