हेल्मेट घातलेलं बुजगावणं

आमच्या कडाव गावात भिवाजी एकदा बोलायला लागला की मुंबईच्या बीकेसीतला तो ऑफिसांचा टॉवर त्याने एकट्यानेच बांधायला घेतलाय, असं वाटतं. 'माझा टॉवर', 'माझा स्लॅब'. प्रत्यक्षात तो सगळ्यात वरच्या मजल्यावर उभा राहून क्रेनवाल्याला इशारे करतो. काम जोखमीचं आहे, हे मीही मानतो. पण सुट्टीला गावी आला की माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पीत, त्याने मला काँक्रीट शिकवावं हे जरा अतीच होतं.

त्याची बायको अंबाबाई मात्र या गप्पांतली एकही खरी मानत नसे. घराची कौलं चाळायची वेळ आली की हा खाली शिडी धरून उभा राहतो आणि पोराला वर चढवतो. हा कसला ढगात उभा राहतोय, असं ती चारचौघांत म्हणायची. भिवाजी हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागायचं. गावाने नाही मानलं तरी चालेल, बायकोने एकदा आपल्याला वर उभं असलेलं बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

शेवटी त्यांचा मुलगा अक्षय टेंपोने मुंबईला भाजी पोचवायला निघाला, तेव्हा तीही सोबत गेली. वॉचमनने गेटच्या आत सोडलं नाही. मग फोनवर ठरलं की तिने समोरच्या फुटपाथवर थांबायचं आणि भिवाजीने वरून हात करायचा.

एक गोष्ट तिला सांगायची तेवढी भिवाजीकडून राहून गेली. टॉवर भराभर वर चढत होता, म्हणजे दृष्ट लागणारच. म्हणून भिवाजीने गावचा पेंढा नेऊन, भाताच्या शेतात लावतात तसं बुजगावणं वरच्या कडेला बांधलं होतं. अंगात त्याचाच जुना चौकड्यांचा शर्ट. सेफ्टीच्या साहेबांनी नियमावर बोट ठेवून त्याला हेल्मेटही घालायला लावलं होतं.

भिवाजी बिचारा दुसऱ्या कोपऱ्यातून हात दुखेपर्यंत फडकं हलवत राहिला. अंबाबाईने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ओळखीचा शर्ट दिसल्यावर ती त्यालाच पदर हलवून दाखवत होती.

जेवणाच्या सुट्टीत तो धावत खाली आला आणि दिसलो का म्हणून त्याने तिला विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"बघितलं की. पार कडेला दोनी हात पसरून उभं होता तुमी. जरा म्हनून हलला नाय. आता गावात कोन काय बोललं तर मी हाय."

काय घोटाळा झाला ते भिवाजीच्या ध्यानात आलं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, असं त्यानेच मला नंतर सांगितलं. पण तेवढ्यात तिने त्याचा हात धरला आणि हळूच विचारलं, वर भ्या नाय का वाटत?

"वाटतं गं," भिवाजी म्हणाला. "रोज वाटतं."